पैसे कापले, पण लेबल निघालं नाही: शिपिंग लेबलच्या पेमेंटचा गुंता असा सोडवा

कुरिअरच्या पिकअपला अर्धा तास उरलाय, पार्सलं चिकटपट्टी लावून तयार आहेत, आणि शिपिंग लेबल, म्हणजे पार्सलवर लावायचा पत्ता आणि बारकोडचा कागद, ऑनलाइन विकत घ्यायला ‘लेबल घ्या’वर क्लिक केल्यावर पडद्यावर लाल अक्षरांत ‘पेमेंट झालं नाही’. हात आपोआप पुन्हा त्याच बटणाकडे जातो. तो तिथेच आवरा. लेबलच्या व्यवहारात होणारं बरंचसं नुकसान पहिल्या नकाराने होत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या क्लिकने होतं. एकाच ऑर्डरची दोन लेबलं निघतात, कार्डावर तीन रकमा अडकतात, आणि चार-पाच प्रयत्नांनंतर बँक कार्डच रोखून धरते.

एका क्लिकमागे पाच कामं चालतात. दर ठरतो, पैसे मागितले जातात, कुरिअर कंपनी ट्रॅकिंग नंबर देते, लेबलची पीडीएफ तयार होते आणि ती प्रिंटरकडे जाते. साखळी कुठेही तुटली तरी पडद्यावर येणारा मजकूर साधारण सारखाच असतो. म्हणून पैसे, नंबर आणि कागद या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. पैसे गेले म्हणजे लेबल झालं असं नाही, आणि कागद आला नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असंही नाही.

पहिली पाच मिनिटं

पान रिफ्रेश करण्याआधी पडद्याचा फोटो घ्या. नकाराचा मजकूर आणि वेळ दोन्ही त्यात आले पाहिजेत, पुढे तक्रार करताना हाच पुरावा लागतो. मग याच क्रमाने बघा:

१. ऑर्डर उघडा आणि तिच्याखाली ट्रॅकिंग नंबर आलाय का ते पाहा.
२. ‘माझी लेबलं’ किंवा ‘शिपमेंट’ या यादीत आजची सगळ्यात वरची नोंद पाहा. कधीकधी लेबल झालेलं असतं, पण ऑर्डरला जोडलं गेलेलं नसतं.
३. वॉलेट (सेवेत आगाऊ भरून ठेवलेले पैसे) किंवा बिलिंगच्या पानावर शेवटचे व्यवहार पाहा.
४. बँकेचा मेसेज किंवा अ‍ॅप सगळ्यात शेवटी.

नंबर आहे, पण कागद नाही? मग पेमेंट झालंय, ही अडचण पेमेंटची नाहीच. ब्राउझरने पॉप-अप अडवला असेल किंवा प्रिंटर झोपला असेल. ‘पुन्हा प्रिंट’ निवडा. त्याच लेबलची दुसरी प्रत काढायला वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त ती प्रत दुसऱ्या पार्सलला चुकूनही लावू नका. एका बारकोडची दोन पार्सलं निघाली की दुसरं कुठेतरी अडकतं आणि त्याचा माग लागत नाही.

नंबर नाही, पण बँकेचा मेसेज आलाय? बहुतेक वेळा ती रक्कम अजून गेलेली नसते, नुसती राखून ठेवलेली असते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये अशा व्यवहारापुढे ‘प्रलंबित’ असं दिसतं. लेबल विकणाऱ्या सेवेने ती रक्कम उचलली नाही तर काही दिवसांत बँक ती आपणहून मोकळी करते. वॉलेटचा टॉप-अप, म्हणजे वॉलेटमध्ये केलेला भरणा, असेल तर मात्र पैसे खरोखर जमा झालेले असू शकतात, फक्त शिल्लक जुनी दिसते. पंधरा-वीस मिनिटं थांबा, लॉग-आउट करून परत या आणि शिल्लक बघा. वाढली असेल तर त्याच शिल्लकीतून लेबल घ्या.

नंबर आहे, पण पैसे कुठेच कापलेले दिसत नाहीत? तुमचं खातं मागाहून बिल येणारं असेल. पार्सल निर्धास्त पाठवा.

नंबर नाही आणि पैसेही नाहीत, तर तो खरा नकार. त्याचं कारण शोधायला आधी एक गोष्ट माहीत हवी.

पैसे नेमके कुठून जातात?

हे ठाऊक नसल्यामुळे दुकानदार भलतीकडेच दुरुस्ती करत बसतात. बिलिंगच्या सेटिंगमध्ये एकदा बघून ठेवा. काही सेवांमध्ये आगाऊ भरलेलं वॉलेट असतं. काहींत प्रत्येक लेबलाला कार्डावर वेगळी रक्कम पडते. काहींत लेबलांचा खर्च साठत जातो आणि ठराविक मर्यादा गाठली की एकरकमी बिल निघतं. मार्केटप्लेसवर तो विक्रीच्या पैशांतूनच वळता होतो. आणि तुम्ही कुरिअर कंपनीत स्वतःचं खातं उघडून ते दुकानाला जोडलं असेल, तर बिल थेट कंपनीकडून येतं.

साठत जाणाऱ्या बिलात एक फसवी जागा आहे. त्या बिलात लेबलांबरोबर ऑनलाइन दुकानाच्या सेवेचं मासिक शुल्क आणि अ‍ॅपचे पैसेही असू शकतात. बिलाचं पेमेंट एकदा नाकारलं गेलं की लेबल घेणं बंद होतं, आणि दुकानदार लेबलच्या पानावर बसून नवीन कार्ड टाकत राहतो. कार्ड बदललं म्हणजे जुनं बिल भरलं असं होत नाही. बिलिंगच्या पानावर थकलेलं बिल उघडून ‘आता भरा’ स्वतः दाबावं लागतं. ते जमा झालं की लेबलं पुन्हा सुरू होतात.

मार्केटप्लेसवर शिल्लक उणे होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ग्राहकांना दिलेले परतावे. दोन मोठ्या ऑर्डरी परत आल्या की विक्रीची शिल्लक शून्याखाली जाते आणि लेबलला पैसेच उरत नाहीत. अशा वेळेसाठी पर्यायी कार्ड नोंदवायची सोय असते. ती गरज पडण्याआधी वापरून ठेवा.

स्वतःचं कुरिअर खातं जोडलेलं असेल आणि ‘खाते क्रमांक अवैध’ असा संदेश आला, तर क्रमांक तपासण्याआधी कंपनीच्या साइटवर थकीत बिल आहे का ते बघा. खातं थांबवलेलं असलं तरी जोडलेल्या दुकानात बरेचदा ‘अवैध’ एवढाच शब्द दिसतो.

बँकेच्या नकाराचे आकडे

नकाराबरोबर दोन आकडी कोड आला असेल तर अर्धं काम झालं. कार्ड व्यवहारांच्या भाषेत हे कोड जवळपास सगळीकडे सारखे असतात.

५१ म्हणजे खात्यात किंवा मर्यादेत पैसे नाहीत. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली किंवा तारीख चुकीची टाकली. १४ म्हणजे कार्ड नंबरच चुकला. ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. ६५ बहुधा ठराविक वेळात फार व्यवहार झाले म्हणून येतो. ५७ म्हणजे या कार्डावर असा व्यवहार बंद आहे, उदाहरणार्थ ऑनलाइन किंवा परदेशी व्यवहाराची सोय सुरूच केलेली नाही. ९१ म्हणजे बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही. ४१ आणि ४३ हरवलेल्या-चोरीच्या कार्डाचे, ते आल्यावर प्रयत्न थांबवून थेट बँकेला फोन करायचा.

आणि ०५. यात बँक फक्त ‘नाही’ म्हणते, कारण सांगत नाही. दुकानाची सेवा, कुरिअर कंपनी किंवा पेमेंट गेटवे यांच्यापैकी कोणालाच ते माहीत नसतं, म्हणून त्यांच्या मदत केंद्राशी तासभर बोलून काही निघत नाही. कार्डामागच्या नंबरवर फोन करा आणि एवढंच विचारा: “अमुक वाजता, अमुक रकमेचा ऑनलाइन व्यवहार तुम्ही का नाकारला?” संशयास्पद म्हणून अडवला असेल तर बँक खात्री करून मार्ग मोकळा करते. त्यानंतर एकदाच प्रयत्न करा.

किती वेळा प्रयत्न करायचा, याचा आमचा नियम सोपा आहे. ९१ आला तर अर्ध्या तासाने पुन्हा. बाकी कोणत्याही कोडला काहीतरी बदलल्याशिवाय दुसरा प्रयत्न नाही. तेच कार्ड, तीच रक्कम पुन्हा-पुन्हा पाठवली की बँकेला तो चोरीच्या कार्डाची चाचणी घेण्याचा प्रकार वाटतो आणि साध्या ५१चं रूपांतर पूर्ण बंदीत होतं.

कोड आलाच नाही तर आधी बिलिंगचा पत्ता तपासा. काही देशांत बँक पत्त्यातले आकडे, म्हणजे घर क्रमांक आणि पिनकोड, आपल्या नोंदीशी ताडून बघते. दुकान नव्या जागेत गेलं, दुकानाचा पत्ता बदलला आणि त्याच झटक्यात बिलिंगचा पत्ताही बदलला गेला, तर बँकेच्या दप्तरी जुनाच पत्ता राहतो. माल जिथून निघतो तो पत्ता आणि कार्डाचा पत्ता हे दोन वेगळे रकाने आहेत.

ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

छोट्या दुकानात हा घोळ वारंवार होतो. लेबल काढणारा माणूस पॅकिंगच्या टेबलाशी, कार्ड मालकाचं, ओटीपी मालकाच्या फोनवर, आणि मालक प्रवासात. पाच मिनिटांत ओटीपी बाद होतो, पडद्यावर नकार येतो, आणि दोघांनाही वाटतं की साइट बिघडली.

आपोआप होणाऱ्या टॉप-अपचं तर आणखी अवघड. रात्री दोनला शिल्लक कमी झाली म्हणून यंत्रणेने कार्डाकडे पैसे मागितले, बँकेने पडताळणी मागितली, आणि ती द्यायला समोर कोणीच नव्हतं. व्यवहार पडला. सकाळी दहाला वॉलेट रिकामं.

यावर उपाय असा. जपून ठेवलेलं कार्ड काढून टाका, पुन्हा नोंदवा, आणि नोंदवताना येणारी पडताळणी पूर्ण करा. ‘पुढच्या व्यवहारांसाठी परवानगी’ असा पर्याय दिसला तर तिथे संमती द्या. मग एक छोटा टॉप-अप स्वतः करून बघा. एवढं करूनही बँक दर वेळी पडताळणी मागत असेल, तर त्या कार्डावर आपोआप टॉप-अपचा नाद सोडा. दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी, ओटीपी ज्याच्या हातात येतो त्यानेच, स्वतः भरणा करावा.

दुसरं कार्डही नोंदवून ठेवा. ते वेगळ्या बँकेचं असेल तरच उपयोग आहे. एकाच बँकेची दोन कार्डं बँकेची यंत्रणा बंद पडली की एकदमच बंद पडतात.

वॉलेटमध्ये किती शिल्लक ठेवायची

हिशेब पैशांत करू नका, लेबलांत करा. सगळ्यात गर्दीच्या दिवशी किती लेबलं लागतात, आणि भरलेले पैसे जमा व्हायला किती दिवस लागतात, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे किमान शिल्लक. समजा गर्दीच्या दिवशी ४० लेबलं लागतात आणि बँक ट्रान्सफर जमा व्हायला २ दिवस लागतात. म्हणजे ८० लेबलांएवढी रक्कम उरलेली असतानाच पुढचा टॉप-अप निघाला पाहिजे. पार्सलचं वजन किंवा माप जास्त भरलं तर कंपनी मागाहून फरक वसूल करते, त्यासाठी १० टक्के वाढवा, झाली ८८. कार्डाने लगेच जमा होत असेल तर एका दिवसाची शिल्लक पुरते. लागून सुट्ट्या असतील तर बँक ट्रान्सफरला आणखी दोन-तीन दिवस धरायला हवेत.

टॉप-अपची रक्कम फार लहान ठेवण्याचा मोह होतो, पैसे अडकून पडू नयेत म्हणून. पण पाच-पाच लेबलांएवढा टॉप-अप ठेवला तर चाळीस लेबलांच्या दिवशी कार्डावर आठ व्यवहार होतील, आणि वर सांगितलेला ६५ तिथूनच येतो. उलट महिन्याची रक्कम एकदम भरायला गेलात तर ६१. दोन-तीन दिवसांची गरज एका टॉप-अपमध्ये भागेल अशी रक्कम ठेवा, आणि कार्डाची प्रति-व्यवहार मर्यादा तिच्याहून वर आहे ना ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहून घ्या.

बँक ट्रान्सफरने भरलेली रक्कम परत गेली, म्हणजे बँकेने ‘खात्यात पैसे नाहीत’ म्हणून फेटाळली, तर प्रकरण नुसत्या नकारापेक्षा गंभीर होतं. सेवेने ती रक्कम आधीच शिल्लकीत दाखवलेली असू शकते आणि तुम्ही त्यातून लेबलंही काढलेली असू शकतात. मग शिल्लक उणे होते, वर दंड लागू शकतो आणि खातं गोठवलं जातं. सुटण्याचा मार्ग एकच: उणे रक्कम वेगळ्या मार्गाने भरून मदत केंद्राला पावतीसह कळवणं.

घाऊक लेबलं: सतराव्यावर अडकलं तर

एका झटक्यात ३० लेबलं घ्यायला टाकली आणि १६ झाल्यावर पैसे संपले. आपोआप टॉप-अप सुरू असला तरी पैसे जमा व्हायला काही सेकंद लागतात, तोवर रांगेतली बाकीची लेबलं नाकारली जातात. पडद्यावर मात्र ‘बॅच अयशस्वी’ असं ढोबळ लिहून येतं, आणि माणूस सगळी तीसच्या तीस पुन्हा टाकतो. सोळा लेबलं दुबार.

अशा वेळी ऑर्डरींच्या यादीत ‘लेबल नाही’ हा फिल्टर लावा. उरलेल्या चौदाच दिसल्या पाहिजेत. तेरा किंवा पंधरा दिसल्या तर थांबा आणि फरकाची ऑर्डर शोधा. वॉलेटच्या नोंदीत १६ वजावटी आहेत ना तेही मोजा. जुळल्यावरच चौदा टाका. आणि इथून पुढे घाऊक खरेदीच्या आधी शिल्लक बघून बॅच तेवढीच ठेवा.

दुकान स्वतःच्या सॉफ्टवेअरने कुरिअर सेवेला जोडलेलं असेल तर प्रोग्रामरला एक प्रश्न विचारा: उत्तर यायला उशीर झाला तर आपला प्रोग्राम तीच विनंती पुन्हा पाठवतो का? पाठवत असेल तर प्रत्येक विनंतीला तिचा एकमेव ओळख क्रमांक जोडायला हवा, म्हणजे समोरची यंत्रणा दुसरी विनंती ओळखून जुनंच लेबल परत देते. सेवेत ही सोय नसेल, तर पुन्हा मागण्याआधी त्या ऑर्डरचं लेबल आधीच निघालंय का, हे प्रोग्रामने विचारून घ्यायला हवं.

दुबार लेबल रद्द करताना

रद्द करणं सोपं आहे, पण योग्य ते लेबल रद्द करायला हवं. दोन्ही लेबलांवर नाव, पत्ता, वजन अगदी सारखं असतं, फरक फक्त ट्रॅकिंग नंबरात. पार्सल हातात घ्या, बारकोडखालच्या नंबरातले शेवटचे चार अंक मोठ्याने वाचा, आणि यादीत ते चार अंक ज्याच्यात नाहीत ते लेबल रद्द करा. पार्सल निघून गेलं असेल तर दोन्ही नंबर ट्रॅक करा. ज्यावर हालचाल दिसते ते वापरलेलं. दोन्हींवर अजून काहीच दिसत नसेल तर पहिलं स्कॅन होईपर्यंत थांबा. चुकीचं लेबल रद्द झालं की वाटेतलं पार्सल बिनपैशाचं ठरतं, आणि ते परत येतं किंवा त्याची वसुली निघते.

रद्द करायला मुदत असते. ती सेवेनुसार बदलते, काही ठिकाणी दिवसांत तर काही ठिकाणी महिन्याच्या आसपास मोजली जाते, म्हणून दुबार लेबल त्याच दिवशी रद्द करा. दिवसअखेरची एकत्रित यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, काढल्यानंतर तिच्यातलं लेबल काही सेवांत रद्दच होत नाही. म्हणून आधी दुबार लेबलं काढून टाका, मग मॅनिफेस्ट.

परतावा लगेच दिसणार नाही. लेबल खरंच वापरलेलं नाही याची कंपनी वाट पाहून खात्री करते, त्यात दिवस ते आठवडे जातात. आणि पैसे बहुधा कार्डावर नाही, वॉलेटमध्ये किंवा पुढच्या बिलात जमा होतात. कार्डाच्या विवरणात परतावा शोधून सापडला नाही म्हणून ‘पैसे बुडाले’ असं धरू नका.

मागाहून होणारी वसुली

लेबलला कापलेले पैसे शेवटचे नसतात. पार्सल केंद्रावर पोचलं की पट्ट्यावरची यंत्रं त्याचं वजन आणि मापं घेतात, आणि तुम्ही दिलेल्या आकड्यांशी जुळलं नाही तर फरक वसूल होतो. तो दोन दिवसांनीही येतो आणि काही आठवड्यांनीही. वॉलेट अचानक उणे होण्यामागे, आणि ‘काल तर शिल्लक होती’ या गोंधळामागे, हेच कारण वारंवार निघतं.

फरक वजनापेक्षा मापात जास्त निघतो. हलक्या पण मोठ्या खोक्याला कंपन्या घनफळावरून वजन लावतात. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं, येईल ते किलो. हा भाजक आंतरराष्ट्रीय एक्स्प्रेस सेवांत सर्रास चालतो, पण तुमच्या कंपनीचा दरपत्रकात बघून घ्या. खऱ्या वजनात आणि या वजनात जे जास्त, त्यावर आकारणी.

४० × ३० × २५ सेंटिमीटरचं खोकं घ्या. गुणाकार ३०,०००, म्हणजे ६ किलो. आत माल ३.४ किलोचा असला तरी आकारणी ६ ची. आता तेच खोकं जरा ठासून भरलं आणि झाकण फुगून उंची २८ झाली: ३३,६०० भागिले ५०००, म्हणजे ६.७२, आणि वर गोल करून ७ किलो. तीन सेंटिमीटरच्या फुगवट्यात एक किलो गेलं. म्हणून माप खोक्यावर छापलेलं घ्यायचं नाही, चिकटपट्टी लावून झाल्यावर सगळ्यात फुगीर जागी टेप धरून घ्यायचं. मऊ पाकिटांचं तर भरल्यावरच.

एककांची गफलत आणखी महाग पडते. १६ × १२ × १० इंचांचं खोकं कोणी सेंटिमीटरच्या रकान्यात तसंच टाकलं तर घनफळी वजन ०.३८ किलो निघतं. दर स्वस्त दिसतो, लेबल आनंदाने निघतं, आणि नंतर खरी मापं धरून वसुली येते. एकाच साच्यातली सगळी लेबलं तशीच गेलेली असली तर आठवड्याभराची वसुली एकदम पडते आणि कार्डावर ६१ येतो. वसुलीच्या नोंदींत एकाच आकाराचं खोकं वारंवार दिसलं की पॅकेजचा जतन केलेला साचा उघडून बघा.

वजनाकडेही लक्ष हवं. काट्यावर काही नसताना शून्य दिसतं का? मोठं खोकं काट्याच्या कडेला टेकलेलं तर नाही? एक लिटर पाण्याने भरलेली बाटली काट्यावर ठेवा. रिकाम्या बाटलीचं वजन वजा केल्यावर १ किलो यायला हवं. दहा-वीस ग्रॅमची चूकही दराच्या पायरीजवळ महाग पडते. पार्सल ४९५ ग्रॅमचं दिसत असेल तर ते ५०० च्या वर आहे असंच धरा.

वसुली चुकीची वाटली तर दाद मागता येते, पण पुरावा पार्सल जाण्याआधीच हाताशी असायला हवा. महागड्या किंवा मोठ्या पार्सलांचे दोन फोटो काढा: एकात काट्यावरचा आकडा आणि लेबलचा बारकोड एकत्र, दुसऱ्यात खोक्याला लावलेला टेप. अंक वाचता आले पाहिजेत. दाद मागण्याची मुदतही मोजकी असते, म्हणून वसुलीचा मेल आल्याच्या आठवड्यातच पाठवा. वाढीव रक्कम वजनाची नसून पत्ता दुरुस्तीची किंवा घरपोच वाटपाच्या अधिभाराची असेल, तर फोटोंचा उपयोग नाही. तिथे ऑर्डरमधला मूळ पत्ता दाखवावा लागतो.

मदत केंद्राला काय लिहायचं

“माझे पैसे गेले, लवकर बघा” या मेलला उत्तर म्हणून चार प्रश्न येतात आणि दोन दिवस जातात. त्यापेक्षा पहिल्याच मेलमध्ये असं लिहा:

“ऑर्डर क्रमांक अमुक. अमुक तारखेला दुपारी ३.१० वाजता लेबल घेताना ‘…’ असा संदेश आला. वॉलेटमधून रक्कम वजा झाली आहे, व्यवहार क्रमांक अमुक. ऑर्डरला ट्रॅकिंग नंबर मिळालेला नाही, शिपमेंटच्या यादीतही नोंद नाही. दुसरा प्रयत्न केलेला नाही. लेबल द्या किंवा रक्कम वॉलेटमध्ये परत करा. स्क्रीनशॉट जोडला आहे.”

कार्डाचे शेवटचे चार अंक द्यायला हरकत नाही. पूर्ण नंबर, सीव्हीव्ही किंवा ओटीपी कोणालाही नाही, मदत केंद्रालाही नाही. ‘तुमच्या लेबलचं पेमेंट अडलंय, इथे कार्ड अद्ययावत करा’ अशा मेलमधल्या लिंकवर जाऊ नका. पत्ता स्वतः टाइप करून बिलिंगचं पान उघडा. थकबाकी खरी असेल तर तिथे दिसेलच.

आणि बँकेत चार्जबॅक, म्हणजे पैसे परत मिळवण्याचा दावा, ही पहिली पायरी करू नका. लेबलच्या रकमेवर बँकेमार्फत दावा लावला की सेवा खातं थांबवू शकते, आणि एका लेबलच्या पैशांसाठी बाकी सगळी डिस्पॅच बंद पडते. आधी लेखी तक्रार करा, बँकेची मुदत संपायच्या आत उत्तर आलं नाही तरच दावा.

तोवर ग्राहकाचं पार्सल अडवून ठेवू नका. कुरिअरच्या काउंटरवर रोख किंवा वेगळ्या कार्डाने पाठवा, मिळालेला ट्रॅकिंग नंबर ऑर्डरमध्ये हाताने भरा, पावती ठेवा. दर थोडा जास्त पडेल. लेबल नंतर सिस्टीममध्ये अवतरलं तर ते न वापरलेलं म्हणून रद्द करा.

महिन्यातून एकदा जुळवणी

सुरुवातीची शिल्लक, अधिक टॉप-अप, अधिक परतावे, वजा लेबलं, वजा वसुली. जे उरेल ते पडद्यावरच्या शिल्लकीशी जुळलं पाहिजे. समजा सुरुवात ३,२००, टॉप-अप १०,०००, परतावे २४०, लेबलं ९,८६०, वसुली ४१०. हिशेबाने ३,१७० यायला हवेत, आणि पडद्यावर ३,०५० आहेत. फरक १२०.

आधी कोणत्या लेबलचा दर १२० आहे ते शोधा. सापडला तर ते बहुधा दुबार निघालंय, किंवा रद्द केल्याचा परतावा अजून यायचाय. नाही सापडला तर परतीच्या लेबलांकडे वळा. ग्राहकाला पाठवलेल्या परतीच्या लेबलचे पैसे बऱ्याच सेवांत ते स्कॅन झाल्यावरच कापले जातात. लेबल फेब्रुवारीत दिलेलं, ग्राहकाने माल एप्रिलमध्ये परत केला, वजावट एप्रिलमध्ये. म्हणून परतीची लेबलं वेगळ्या रकान्यात लिहा: दिल्याची तारीख, स्कॅनची तारीख, रक्कम. स्कॅनचा रकाना रिकामा असेल तोवर तेवढी रक्कम अजून जायची आहे असं धरा, आणि वॉलेटच्या किमान शिल्लकीत ती मिळवा.